रिकामे चौकोन

भिवंडी,
मृगाचा तिसरा दिवस

ती. आत्यास,


मृग लागला की नागपूरहून तुझा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पडला का गं?" म्हणून आधीच लिहून टाकते. काल दुपारी चारच्या सुमारास सर आली. पागोळ्या दहाएक मिनिटं गळल्या, अंगणातली धूळ बसली आणि पुन्हा ऊन पडलं. उकाडा मात्र होता तसाच आहे.

आज लिहायला बसले ती तुझ्या कालनिर्णयांमुळे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सुतळीने बांधलेला गठ्ठा तुला आठवत असेल. १९८८ ते २०१७, मधली दोन वर्षं सोडून अठ्ठावीस कॅलेंडरं. प्रत्येक चौकोनात निळ्या शाईने दुधाचा, गॅसचा, धोब्याचा हिशेब आणि खालच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने दोन-तीन शब्द. "वळीव. गारा नाहीत." "दिवसभर पिरपिर." "हवा खुश्क, सूत तुटतंय." "चंद्राला खळं." "वीज दिसली, आवाज नाही." तुझ्या लेखी ती सवय होती. मी दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं वाचलं तेव्हा लक्षात आलं, आपल्या गल्लीवरच्या आभाळाची तीस वर्षांची वही आहे ही. दहा हजारांवर चौकोन, आणि त्यातल्या तीन हजारांच्या आसपास चौकोनांत हवा लिहिलेली.

त्या नोंदी मी संगणकावरच्या तक्त्यात भरल्या आणि त्यांतून भिवंडीच्या हवामानाची एक सूची तयार केली. वेबसाइट आहे ती, मोबाइलवर उघडते. वळीव, झड, मळभ, वावटळ, धुकं, धुरकं, दहिवर, खळं असे साठच्या वर प्रकार, आणि प्रत्येकाला स्वतःचं एक पान. हे पत्र मी उघड लिहिते आहे, कारण असे गठ्ठे इतरही घरांच्या माळ्यांवर पडलेले असतील आणि ते रद्दीत जाण्याआधी कुणीतरी उघडून बघावेत असं फार वाटतं.

तक्ता म्हणजे काय हे तुला समजावून सांगायची गरज नाही. आयुष्यभर तू मागाशेजारी कांड्या भरल्यास. उभे स्तंभ म्हणजे ताणा: तारीख, प्रकार, वेळ, किती वेळ टिकलं, घरात-कारखान्यात काय झालं. आडवी ओळ म्हणजे बाणा, एकेक दिवस. ताणा आधी नीट लावून घ्यावा लागतो. बाण्यातला एखादा धागा चुकला तर तेवढ्यापुरता दिसतो. ताण्यातला चुकला तर कापड संपेपर्यंत रेघ जात राहते.

माझी पहिली रेघ तारखेच्या स्तंभात पडली. मी आपल्या रीतीने आधी दिवस, मग महिना असं टाइप करत गेले. संगणकाची मांडणी अमेरिकी होती, तिथे आधी महिना येतो. मी ७/६ लिहिलं, त्याने ६ जुलै वाचलं. ५/६ चा ६ मे झाला. १३/६ त्याला लागेना, कारण तेरावा महिना नसतो; म्हणून ती ओळ त्याने नुसते शब्द समजून मोजणीतून बाहेर ठेवली. आठवडाभराने आलेख काढला तर मृगाचा पाऊस महिनाभर लांबलेला आणि जूनमधल्या सरी मे महिन्यात अवकाळी होऊन बसलेल्या. अंगावच्या, पडघ्याच्या भातशेतीला आणि तालुक्यातल्या वीटभट्ट्यांना या दोन तारखांतला फरक विचार. मे महिन्यात पाऊस आला की थापून ठेवलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो. जूनच्या पावसाची पेरणी वाट बघत असते. मग मी दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे स्तंभ केले आणि सगळ्या ओळी पुन्हा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. त्यात दीड महिना गेला. एकही दिवस वाया गेला असं वाटलं नाही.

पुढची चूक जास्त जिव्हारी लागली. तू पावसाला किती नावं वापरलीस! भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, शिरवं, झड, मुसळधार, "झोडपलं". मोजायला सोपं जावं म्हणून मी पहिल्या तिन्हींच्या जागी "हलका पाऊस" लिहून टाकलं. तक्ता आवरल्यासारखा दिसायला लागला, पण वाचताना तुझा आवाज ऐकू येईना. पिरपिर म्हणजे कपडे वाळत नाहीत, चूल धुमसते आणि घरातलं माणूस चिडचिडं होतं. भुरभुर म्हणजे छत्री न उघडता दुकानापर्यंत जाऊन येता येतं. दोन्हींत पाणी कदाचित सारखंच पडत असेल, दिवस मात्र सारखे नसतात.

म्हणून जगातले लोक हे कसं करतात ते शोधलं. हवामान खातं २४ तासांत किती मिलिमीटर पडला त्यावर नाव ठरवतं: ६४.५ पासून ११५.५ पर्यंत मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. ही झाली मापाची भाषा. पण त्या क्षणी आभाळ काय करतंय हे टिपण्यासाठी जगभरचे निरीक्षक ०० ते ९९ असे शंभर आकडे वापरतात, आणि तो तक्ता वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशीतले आकडे भुरभुरीचे आहेत, साठीतले पावसाचे, ऐंशीच्या सुरुवातीचे सरींचे. थांबून थांबून पडणारा हलका पाऊस ६०, तोच न थांबता पडत राहिला तर ६१. गडगडाट आहे पण पाऊस नाही, १७. वीज दिसते पण आवाज येत नाही, १३. आत्या, "वीज दिसली, आवाज नाही" हे तू हिरव्या पेन्सिलीने लिहीत होतीस, तेव्हा जगातल्या वेधशाळांमधले निरीक्षक त्याच गोष्टीसाठी १३ लिहीत होते. तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू बघत होतीस.

मग तुझे सगळे शब्द परत आणले. आता तक्त्यात दोन स्तंभ शेजारी-शेजारी आहेत, एकात तुझा शब्द आणि दुसऱ्यात तो आकडा. एकाला पुसून दुसरा लिहायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

नाव देण्याच्या या कामाला मोठी परंपरा आहे. ढगांना आज जी नावं आहेत त्यांची सुरुवात ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनमधल्या औषध बनवणाऱ्या माणसाने १८०२ मध्ये एका व्याख्यानात केली. १८९६ मध्ये ढगांचा आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह छापला गेला, आणि २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेने त्याची नवी आवृत्ती वेबसाइटच्या रूपातच काढली. त्या आवृत्तीत खवळलेल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या एका ढगरूपाला प्रथमच जागा मिळाली. ती मिळण्यामागे हौसेने आभाळ बघणाऱ्या साध्या माणसांनी काढलेले फोटो होते. आपल्याकडे हवामान खातं १८७५ पासून आहे, आणि पुण्याच्या कार्यालयाने २०२२ मध्ये देशभरातल्या घातक हवामान-घटनांचा नकाशासंग्रह वेबवर आणला. तेरा प्रकारच्या आपत्ती जिल्हावार दाखवल्या आहेत त्यात. पण "खुश्क हवा" त्यात नाही. ती भिवंडीने लिहायची गोष्ट आहे.

आणि सूचीतलं मला सगळ्यांत जवळचं पान तेच आहे. शब्द कारागिरांचा. उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर सकाळी आपल्या मागांच्या खात्यात शिरला की नाक वर करून म्हणायचा, "आज हवा खुश्क है," आणि आजोबा तेवढ्यावरून दिवसाचा अंदाज बांधायचे. हिवाळ्यात आणि फाल्गुनाच्या सुमारास पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा येतो. सुती धाग्यातला ओलावा तो शोषून घेतो. ओलावा गेला की सुताची ताकद कमी होते, धागा ठिसूळ होऊन तटकन तुटतो, तंतू उडून हवेत कापसाची धूळ होते. सूत नीट चालायचं तर खात्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असावी लागते. म्हणून तुम्ही फरशीवर पाणी मारायचात, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायचात. दुपार कलताना खाडीकडून खारे वारे आले की गोणपाटाची कड हलायची. थोड्या वेळाने धागे तुटण्याचे आवाज विरळ व्हायचे आणि मागांची खटखट एकसुरी लागायची. तो क्षण तू लिहून ठेवला आहेस, १९९४ च्या फेब्रुवारीत: "साडेतीनला वारा फिरला. सूत शांत." या चार-पाच शब्दांसाठी मी "वारा फिरला" असं वेगळं पान केलं.

पानं बनतात कशी, ते फोनवर विचारलं होतंस. तक्ते दोन आहेत. पहिल्यात प्रकार: नाव, इथलं बोलीतलं नाव, ओळखायचं कसं, कोणत्या दिवसांत, कशामुळे होतं. दुसऱ्यात तुझ्या नोंदी, दिवसाला एक ओळ. प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक आहे आणि तोच क्रमांक नोंदींच्या ओळीतही लिहिलेला आहे. पानाचा साचा एकदाच तयार करायचा. मग साचा पहिल्या तक्त्यातली एकेक ओळ उचलतो, दुसऱ्या तक्त्यातून त्याच क्रमांकाच्या नोंदी गोळा करतो आणि पान उभं राहतं. "खळं" उघडलंस तर वर दिसेल की उंचावरच्या पातळ ढगातल्या हिमकणांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर कडं उमटतं. हात लांब करून वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढं अंतर. आणि खाली तुला ज्या ज्या रात्री खळं दिसलं त्या तारखा. तू जिथे लाल पेन्सिलीने नुसती रेघ मारली होतीस तिथे मात्र मला "लाल रेघ" असं शब्दांत लिहावं लागलं. रंग आपल्याला दिसतो, साचा शब्दच वाचतो.

तयार यादीवर विसंबल्याचा फटकाही एकदा बसला. चक्रीवादळांची रोमन अक्षरांतली यादी आणून जिल्ह्याच्या नावाशी जुळवली, तर आपल्या ठाणे जिल्ह्याच्या पानावर डिसेंबर २०११ मधलं एक वादळ येऊन बसलं. ते होतं "थाने", म्यानमारने सुचवलेल्या नावाचं. ३० डिसेंबरला ते तमिळनाडूत कडलूरजवळ किनाऱ्यावर आलं होतं. रोमन अक्षरांत दोन्ही नावं एकसारखीच दिसतात. तुझ्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलंय, "थंडी बरी. आभाळ स्वच्छ." तुझ्या दोन वाक्यांनी मला सावध केलं. तेव्हापासून बाहेरून आणलेली प्रत्येक ओळ तुझ्या चौकोनाशी ताडूनच आत घेते.

आता ज्यासाठी पत्र लिहिते आहे ते सांगते.

सूची पूर्ण झाली म्हणून मी २००५ चा जुलै उघडला. २६ तारखेसमोर शून्य. २७, २८, २९, ३०, ३१, सगळीकडे शून्य. ज्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशी भिवंडी कोरडी असल्याचं मी केलेलं पान सांगत होतं. मी कॅलेंडर काढलं. ते तेव्हा खाली खात्यातल्या खांबाला टांगलेलं होतं ना? जुलैच्या पानावर अर्ध्या उंचीला तपकिरी रेघ आहे आणि रेघेखालची शाई फुटली आहे. सहा चौकोन रिकामे. पुढची नोंद थेट ९ ऑगस्टची: "लाइट आली. माग बंदच."

रिकामा चौकोन दिसला की मोजणी करताना तो शून्य धरायचा, अशी सूचना साच्यात मीच लिहिली होती. किती सहज लिहिली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, माळ्यावर तुझ्या मांडीवर झोपले होते. खालून पाण्यात डब्यांवर डबे आपटल्याचे आवाज आठवतात. तरीही माझ्याच हातून त्या रात्रीचं शून्य झालं.

ते चौकोन शेजारच्या आकड्याने भरावेत असंही एकदा मनात आलं. पण त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता, आणि सांताक्रूझ तिथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. एकाच शहरात एवढा फरक असेल तर आपल्या गल्लीचा पाऊस तिथून कसा आणायचा? शिवाय हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे मंगळवारी २६ तारखेला दुपारी सुरू झालेला तो पाऊस त्यांच्या वहीत २७ तारखेसमोर लिहिलेला आहे. आपल्याकडे तर पाऊस एकटा नव्हताच. कामवारी खाडीला मिळते. खाडीला भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे गल्ल्यांत शिरतं. म्हणून मासेवाल्या मावशींना भरतीची वेळ विचारून तू ती पावसाळ्यात लिहून ठेवायचीस. त्या रात्री काय वेळ होती, हे मला तुझ्याच तोंडून हवं आहे.

वेधशाळेची माणसं या बाबतीत फार चोख असतात, हे मी या निमित्ताने शिकले. पाऊस पडलाच नाही तर शून्य. पडला, अंगावर थेंब आले, पण ०.१ मिलिमीटरही भरला नाही, तर त्याला "ट्रेस" अशी वेगळी खूण. आणि कुणी मापच घेतलं नाही तर ते वेगळं. तीन गोष्टी, तीन खुणा. पडला नाही, पडला पण मोजण्याइतका नाही, आणि बघायला कुणी नव्हतं. आपण बोलताना या तिन्हींना "काही नाही" म्हणून मोकळे होतो. वहीत मात्र त्या वेगळ्या राहायला हव्यात, कारण पुढे कुणीतरी त्या वहीवरून नाल्याची रुंदी ठरवणार असतं, गोदामाचा चौथरा किती उंच घ्यायचा ते ठरवणार असतं. आज पूर्णा, राहनाळ, काल्हेरकडे बघावं तिकडे गोदामं आहेत. तिथल्या जमिनीवर पूर्वी पाणी कुठवर यायचं, हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. नोंद राहिली नाही की पूर आलाच नव्हता असं होतं. ज्या गावाचे चौकोन रिकामे, त्याचा पाऊस शून्य धरला जातो. मला ते आपल्या गावाचं होऊ द्यायचं नाही.

साच्यातली ती सूचना मी काढून टाकली. आता रिकाम्या चौकोनाच्या जागी "नोंद नाही" असे दोन शब्द येतात. तुझ्या सात हजार रिकाम्या दिवसांसमोर आता तेच दिसतं. तक्ता थोडा उघडा पडल्यासारखा वाटतो, पण खरा वाटतो. एक स्तंभही वाढवला आहे, "नोंद कधीची". त्यात दोनच शब्द चालतात: "त्याच दिवशी" किंवा "आठवणीतून". वीस वर्षांनंतर सांगितलेलं आणि त्याच संध्याकाळी लिहिलेलं यांची सरमिसळ होऊ नये, आणि दोन्हींना जागा मिळावी, एवढ्यासाठी.

म्हणून मागणं असं की त्या सहा दिवसांचं मला सांग. मिलिमीटर नकोत. पाणी मागाच्या बीमपर्यंत कधी आलं, जिन्याची कितवी पायरी बुडाली, पाऊस कोसळत होता की मधे उघडीप होती, वीज होती का, वारा कुठला होता, पाणी उतरायला किती दिवस लागले. तुला जे शब्द सुचतील तेच मी लिहीन. आठवणार नाही तिथे "आठवत नाही" म्हण, तेही लिहीन. आणि नागपूरच्या उन्हाळ्याचंही सांगत जा. तिथल्या मैदानात तापमान ४० अंशांपर्यंत चढल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही, किनारपट्टीवर ३७ ला होतो. तुझ्या अंगाने दोन्ही सोसलं आहे. इथल्या उकाड्याचा आणि तिथल्या काहिलीचा फरक तुझ्याइतका नेमका कोण सांगणार? "काहिली" नावाचं पान मी तुझ्यासाठी मोकळं ठेवलं आहे.

खांबाचा खिळा अजून तिथेच आहे. यंदाचं कॅलेंडर मी त्यालाच टांगलं, आणि हिरवी पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली. काल संध्याकाळी चौकोनात लिहिलं: "चारला सर. पागोळ्या दहा मिनिटं. उकाडा तसाच." आज सकाळपासून मळभ आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा. फोन करशील तेव्हा मृगाचं विचारू नकोस, ते वर लिहिलंच आहे. सव्वीस तारखेच्या दुपारपासून सुरुवात कर. मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
भाची